पाच शिवणींचं दुपटं

गुड न्यूज येते आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्याच्या इमोजींचा पाऊस पडतो. मग कुणीतरी उत्साही काँट्रिब्युशन गोळा करायला सुरुवात करतं. त्यातून येतो तो गुलाबी नाहीतर निळा गिफ्ट सेट. टोपी, मोजे, हातमोजे, एक खुळखुळा आणि वर सेलोफेन. बाळाकडे असे चार सेट आधीच आलेले असतात आणि महिन्याभरात सगळेच लहान होतात.

पण ज्या मैत्रिणीबरोबर तुम्ही पाच वर्षं डबा शेअर केलात, अप्रेझलच्या दिवशी जिनं तुम्हाला कटिंग चहा पाजला, तिच्या बाळासाठी काहीतरी हातानं करावंसं वाटतं. आणि मग डोक्यात येतं, आपण दुपटं शिवलं तर?

झक्कास आयडिया आहे. फक्त इथेच बहुतेकांची गाडी घसरते. रात्री अकरा वाजता इंटरनेटवर डिझाइन्स बघायला बसायचं आणि सगळ्यात देखणं निवडायचं. चांदण्या, हत्तींची रांग, त्रिकोणांची नक्षी! कापड येतं, कात्री येते, सात-आठ तुकडे जोडूनही होतात. मग क्वार्टर एंड येतो. पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते आणि ती पुन्हा उघडते तेव्हा बाळ प्लेग्रुपला जायला लागलेलं असतं.

म्हणून या आठवड्याचा फंडा एकच. दुपट्याचं डिझाइन डोळ्यांनी निवडू नका, शिवणी मोजून निवडा.

डेडलाइन १२ दिवसांची

आपल्याकडे अनेक घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याची खरेदी करत नाहीत. तुमचा यावर विश्वास असो वा नसो, मैत्रिणीच्या सासूबाईंचा असू शकतो. बारसं परंपरेनं बाराव्या दिवशी. हल्ली हॉल आणि पाहुण्यांच्या सोयीनं ते पुढेही जातं, पण हिशेब १२ दिवसांचाच धरा. त्यात फार तर दोन वीकेंड आणि ऑफिसातून आल्यावरच्या थकलेल्या संध्याकाळी.

घाई फक्त बारशासाठी नाही. बाळ जमिनीवर पाय झाडत, छताकडे बघत पडून असतं ते सुरुवातीचे काही महिनेच. मग ते पालथं पडतं, रांगतं आणि दुपट्यावर थांबायलाच तयार नसतं. दुपटं खरं वापरलं जातं ते याच काळात. तेव्हा वेळेवर हातात पडलेलं साधं दुपटं हे दोन वर्षांनी आलेल्या मास्टरपीसपेक्षा केव्हाही भारी.

आता मोजा

साइज ठरवून टाकू. ३६ इंच बाय ३६ इंच. सतरंजीवर किंवा गादीवर पसरायला पुरेसं, बादलीत धुवायला सोपं, बॅगेत घडी करून मावणारं. या मापात तीन पर्याय बघा.

पहिला पर्याय, एकसंध कापड. जोड शून्य. जुनी मऊ सुती साडी घ्यायची, तिचे तुकडे एकावर एक ठेवायचे आणि धावदोरा घालायचा. आपली पारंपरिक गोधडी याच तत्त्वावर चालते. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असे टाके आत-आत नेत मध्यावर संपवायचे. साडीचे काठ दोन बाजूंना येतील असं बघितलंत तर वेगळ्या डिझाइनची गरजच उरत नाही. साडेपाच मीटरच्या एका साडीतून ४० इंचांचे पाच तुकडे निघतात. तीन वापरले तरी दोन उरतात.

दुसरा पर्याय, पट्ट्या. सहा इंची सहा पट्ट्या शेजारी शेजारी. जोड फक्त पाच, प्रत्येक ३६ इंचांचा. म्हणजे मशिनवर एकूण १८० इंच, साडेचार मीटरच्या आसपास टीप मारायची. पट्टी एखाद्या सुताएवढी इकडे-तिकडे झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरा पर्याय, चौकोन. सहा इंची ३६ चौकोन, आडवे सहा, उभे सहा. दिसायला एकदम सोपं, नाही का? आता मोजा. एका ओळीत पाच जोड, अशा सहा ओळी, म्हणजे ३० छोट्या शिवणी. मग ओळी एकमेकींना जोडायच्या पाच लांब शिवणी. एकूण ३५ शिवणी आणि ३६० इंच टीप. पट्ट्यांच्या बरोबर दुप्पट. वर २५ ठिकाणी चार-चार कोपरे एकत्र येतात आणि ते जुळले नाहीत तर नजर नेमकी तिथेच जाते. हात बसलेला असेल तर खुशाल करा. पहिलंच दुपटं असेल तर थांबा.

आणि त्रिकोण? त्यांना लांबूनच नमस्कार. त्रिकोणात कापड तिरकं कापलं जातं. तिरकं कापड ओढलं की ताणतं आणि शिवता शिवता कडा लाटेसारख्या होतात.

आमचं मत पट्ट्यांना. पाच शिवणी म्हणजे शनिवार दुपारचं काम. घरात मशिन नसेल तर गल्लीतला टेलरही एवढं करून देईल. मशिनही नको आणि टेलरही नको, तर पहिला पर्याय आहेच. त्याला सुई, दोरा आणि एखादी वेब सिरीज पुरते.

मॅचिंग सेंटरला जायच्या आधी

जुनं सुती कापड मऊ असतं, कितीतरी वेळा धुतलेलं असतं, त्यामुळे ते आता आटत नाही आणि रंगही सहसा सोडत नाही. आज्या बाळासाठी जुनं धोतर नि लुगडं बाजूला काढून ठेवायच्या ते उगाच नाही. साडी उजेडासमोर धरून बघा. जिथे विरलेली दिसेल तो भाग वर वापरू नका, मधल्या थराला चालेल. पैठणी आणि जरीकाठ कितीही प्रेमाचे असले तरी जर टोचते. नायलॉन, जॉर्जेट बाद.

आता नाजूक मुद्दा. आईच्या किंवा आजीच्या साडीला कात्री लावायची असेल तर आधी विचारा. ‘कपाटात नुसती पडलीय’ हे तुम्हाला वाटतं. त्या साडीत कुणाचं काय गुंतलंय हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. उलट हळूच मैत्रिणीच्या आईला किंवा नवऱ्याला गाठा आणि तिच्या घरातलीच एखादी जुनी साडी मागा. ज्या आजीनं पणतवंड बघितलं नाही, तिच्या साडीवर ते पणतवंड लोळणार असेल तर त्या गिफ्टला तोड नाही. मन अगदीच धजावत नसेल तर सहापैकी एकच पट्टी त्या साडीची घ्या आणि बाकीची साडी घडी घालून परत द्या.

नवं कापड घ्यायचं असेल तर एक-एक मीटरचे दोन रंगांचे सुती तुकडे पुरतात, प्रत्येकातून तीन पट्ट्या. ओटीत आलेले ब्लाऊजपीसही चालतील, पण त्यांची परीक्षा घ्या. त्यातले बरेच मिक्स असतात. एक दोरा ओढून चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवून बघा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला की तुकडा परत ड्रॉवरमध्ये. काही ब्लाऊजपीस मीटरपेक्षा आखूड असतात, तेव्हा आधी टेप लावा.

नवं कापड शिवायच्या आधी धुवायचंच. आटायचं ते आधीच आटू दे. रंगाची खात्री करायला ओला पांढरा रुमाल त्यावर घासा. लाल आणि गडद निळ्यावर विशेष लक्ष ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो यावर विसंबू नका. रुमालाला रंग लागतोय तोवर ते कापड बाळासाठी नाही.

शनिवार-रविवारचा प्लॅन

शनिवारी सकाळी कापड धुवून, वाळवून, इस्त्री करा. साडेसहा इंच रुंद आणि ३७ इंच लांब अशा सहा पट्ट्या काढा. प्रत्येक कडेला पाव इंच शिवणीत जातं, म्हणून अर्धा इंच जास्त. साध्या विणीचं सुती कापड असेल तर कात्रीनं छोटा छेद द्या आणि सरळ फाडा. विणीच्या रेषेत टर्रकन फाटतं आणि पट्टीनं आखत बसावं लागत नाही.

पट्ट्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून जोडा. पाच शिवणी झाल्या की सगळ्या एका बाजूला दाबून इस्त्री फिरवा. वरचा थर तयार!

आता उशीच्या अभ्र्याची युक्ती. सगळ्यात खाली मधला थर, म्हणजे जुन्या साडीचा तुकडा. मुंबई-पुण्याच्या हवेला तेवढं पुरतं, पॉलिस्टरचं फायबर भरायची गरज नाही. त्यावर पट्ट्यांचा थर, सुलट बाजू वर. त्यावर अस्तर, सुलट बाजू खाली. टाचण्या लावून चारही बाजूंनी टीप मारा, फक्त एका कडेला वीतभर जागा उघडी ठेवा. कोपरे थोडे छाटा आणि सगळं उलटून सुलट करा. उघडी जागा हातानं शिवून टाका. गोट नको, पायपिंग नको, काही नको. टाचण्या मात्र मोजून लावा आणि मोजून काढा. हा मुद्दा जोक नाही.

रविवारी धावदोरा. आधी मोठे कच्चे टाके घालून थर सरकणार नाहीत असं बघा. मग पाच जोडांवरून पाच ओळी आणि प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक, अशा ११ ओळी. दोन ओळींत साधारण तीन इंच अंतर येतं आणि धुतल्यावर आतला थर गोळा होत नाही. हातानं घालत असाल तर सोमवार-मंगळवारच्या संध्याकाळीही लागतील. गाठी थरांच्या आत ओढून लपवा. टाके वाकडे आले? येऊ देत. हातानं केलेलं आहे हे कळायला नको का?

सजवायची खाज असेलच तर कोपऱ्यांकडे बघा. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या भागात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकन वंशाचा हा समाज. तिथल्या बायका ‘कवंडी’ नावाच्या गोधड्या शिवतात. त्याही कडेपासून सुरू करून आत येतात, पण आधी मापं काढत नाहीत. हाताला येईल तो तुकडा लावत जातात. आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या रंगीत चिंध्यांचं ‘फुला’ लावतात. ते नसेल तर कवंडी उघडी समजली जाते. तुमच्या दुपट्याला सपाट आणि घट्ट शिवलेला एकेक छोटा तुकडा चार कोपऱ्यांना पुरे. बटणं, टिकल्या, आरसे, मणी, गोंडे मात्र अजिबात नकोत. जे सुटू शकतं ते बाळाच्या तोंडात जाऊ शकतं.

देताना एवढं सांगा

हे दुपटं खेळायला आहे, पाळण्यात टाकायला नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत ते झोपतं त्या जागी सैल पांघरूण, उशा, मऊ खेळणी ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण कापड तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. मालिशीनंतर अंग मोकळं करायला, खाली पालथं टाकायला, मांडीवर घ्यायला, आजीच्या डोळ्यांसमोर लोळायला ते आहे. वर्षानंतर खुशाल पांघरा. ही चार वाक्यं छोट्या चिठ्ठीत लिहून दुपट्याबरोबर द्या.

आणि आणखी एक वाक्य त्या चिठ्ठीत नक्की लिहा. ‘बिनधास्त वापर, बिनधास्त धू.’ नाहीतर हातानं केलेलं म्हणून ते जपून कपाटात ठेवलं जातं. त्यावर दूध सांडायला हवं, शू व्हायला हवी, तेलाचे डाग पडायला हवेत. दहा धुण्यांनंतर ते आणखी मऊ होईल. म्हणूनच तर पक्का रंग, सुती कापड आणि साध्या शिवणी.

आणि हो, हे ‘फक्त मुलींचं’ काम आहे असं समजून पान उलटणाऱ्या मित्रांनो, तुमच्या पँटची उंची कमी करणारा टेलर कोण असतो ते आठवा. पाच सरळ शिवणींना काय घाबरायचं?

तर, कुणाच्या घरी पाळणा हलणार आहे? या शनिवारी कपाटातली एखादी जुनी साडी उजेडासमोर धरून बघा. पण आधी विचारून, बरं का!