पवनीचा कोट आणि कोटातली घरे

वैनगंगेच्या काठी वसलेली पवनी ही विदर्भातील अतिप्राचीन नगरांपैकी एक. एका अंगास नदी आणि उरलेल्या तीन अंगांस तट व खंदक, अशी तिची ठेवण. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात येथील जगन्नाथ टेकडीवर इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभलेख आणि वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट हीही पवनीचीच देणगी.

या वैभवाची नोंद विद्वानांनी घेतली. परंतु तटाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या वस्तीकडे कोणी पाहावयाचे? रेशीमकाठी वस्त्रांसाठी पवनीचे कोष्टी एकेकाळी प्रसिद्ध होते. विणकराचे घर म्हणजे निवारा आणि कारखाना एकत्र. मागाला जागा देऊन उरलेल्या जागेत संसार. मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचे छप्पर यांमुळे वैशाखातही अशा घरात बसून काम करणे शक्य होई. मागाचा धंदा ओसरला, तसा या रचनेचा आधारच ढासळला.

कायद्याचे लक्ष स्मारकांवर आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. उलट २०१५ च्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवरील घरासाठी अनुदान मिळे ते नवे पक्के घर बांधण्यास किंवा असलेले वाढविण्यास. जुन्या घराची निव्वळ डागडुजी तीत बसत नसे. एक कायदा हात बांधतो आणि दुसरी योजना घर पाडावयास सुचविते. अशा कात्रीत सापडलेल्या गरीब मालकाला वारशाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगावे?

अहमदाबादच्या तटबंद जुन्या शहरास २०१७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो तेथील लाकडी घरांच्या पोळांसह. पवनीची तुलना त्या महानगराशी होणार नाही. पण वस्ती हाही वारसाच, हे तत्त्व लहान गावासही लागू पडते. १९६६ च्या नगररचना कायद्यात ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन जुन्या घरांची यादी करावी, आणि त्यांच्या दुरुस्तीस नव्या घराइतकेच अनुदान द्यावे. जतनाचा खर्च एकट्या घरमालकाच्या माथी मारून इतिहास टिकत नसतो. तट उभा राहिला आणि आतले गाव हरवले, तर राखले काय, असा प्रश्न पुढची पिढी विचारल्यावाचून राहणार नाही.