गाडी वेळेवर, प्रवासी उशिरा

हैदराबादच्या सुलतान बाजारातून मेट्रो जमिनीखालून न्या, ही मागणी कित्येक वर्षे चालली. बडी चौडीच्या अरुंद रस्त्यात खांब उभे राहिले तर बाजार मोडेल, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. २०१४ मध्ये सरकारनेही मार्ग बदलण्याची भाषा केली, पुढे ती विरली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बसस्थानक ते महात्मा गांधी बसस्थानक हा ११ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तो खांबांवरूनच. मार्ग वरून की खालून यावर एवढे रण माजले. पण तो सुरू झाल्यावर नीट चालतो की नाही, हे कसे ठरवायचे, याची चौकशी कुणी केली नाही.

मेट्रोवाले याचे उत्तर टक्क्यात देतात. शंभरातल्या नव्याण्णव गाड्या वेळेवर, की काम झाले. पण उरलेली एक गाडी कोणती? रात्री साडेनऊची, पन्नास प्रवाशांची गाडी वीस मिनिटे अडकली तर सगळ्यांचे मिळून सतरा तास वाया जातात. सकाळची, नऊशे माणसे कोंबलेली गाडी तेवढीच अडकली तर तीनशे तास जातात, आणि फलाटावर खोळंबलेले वेगळेच. टक्केवारीत दोन्ही सारख्याच. लंडनच्या भुयारी रेल्वेने म्हणून गाड्यांऐवजी प्रवाशांचे वाया गेलेले तास मोजायला घेतले. दोन मिनिटे किंवा त्याहून जास्त खोळंबा करणारा प्रत्येक बिघाड त्या हिशेबात धरला जातो. २००३ मध्ये तिथली देखभाल खासगी कंपन्यांकडे दिली, तेव्हा त्यांचे पैसे वाढायचे-कापायचे तेही याच हिशेबाने. त्यातली मेट्रोनेट ही कंपनी २००७ मध्ये बुडाली, ती गोष्ट वेगळी. मोजणी मात्र टिकली.

सिंगापूरची मोजणी दुसऱ्या तऱ्हेची. पाच मिनिटांहून जास्त खोळंबा करणाऱ्या दोन बिघाडांच्या मध्ये गाड्या सरासरी किती किलोमीटर धावल्या, हा आकडा तिथली यंत्रणा प्रसिद्ध करते. २०१५ मध्ये तो सव्वा लाखाच्या थोडा वर होता. २०१९ मध्ये दहा लाखांपुढे गेला. त्यामागे जुने स्लीपर आणि सिग्नल यंत्रणा बदलण्याचे काम होते, आणि त्यासाठी गाड्या लवकर बंद करून, उशिरा सुरू करून मिळवलेले रात्रीचे तास होते. मुंबईकर ज्याला ब्लॉक म्हणून शिव्या घालतो, तेच ते.

पण या आकड्यालाही भोक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका गाडीचा अ‍ॅक्सल बॉक्स निखळून पडला, अडीच किलोमीटर रूळ खराब झाले आणि त्या टप्प्यावरची सेवा सहा दिवस विस्कळीत राहिली. बिघाडांच्या संख्येत त्याची नोंद एकच. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये पावसाचे पाणी बिशानजवळच्या भुयारात शिरले होते. पंपांची त्रैमासिक देखभाल झाल्याच्या नोंदी सह्यांनिशी होत्या. काम झालेच नव्हते. देखभालीची ‘शंभर टक्के पूर्तता’ कुठे वाचली की मला आधी हे पंप आठवतात.

भुयार मागणाऱ्यांनी पंपांचा हा संसार लक्षात ठेवलेला बरा. गळती, पंखे, धूर बाहेर काढणारी यंत्रे, सगळे रोज तपासावे लागते. २६ मे २०२५ ला मुंबईत आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसले, तेव्हा ते उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. निमित्त होते बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराची भिंत.

खांबावरच्या रेल्वेलाही यातून सुटका नाही. २२ सप्टेंबर २०१९ रोजी हैदराबादच्या अमीरपेठ स्थानकाखाली पावसापासून आडोशाला उभ्या राहिलेल्या एका तरुणीच्या डोक्यावर वरून सिमेंटचा तुकडा पडला आणि ती गेली. गाड्यांच्या वक्तशीरपणात अशी घटना मावतच नाही. बंद पडलेली लिफ्टही मावत नाही. १९०७ पासूनच्या विवेकवर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेमुळे या भागाशी नाळ जुळलेली आमची म्हातारी मराठी मंडळी कोठी-सुलतान बाजारात येतात. त्यांच्यासाठी लिफ्ट बंद म्हणजे मेट्रो बंद, मग वर गाडी सेकंदावर आलेली असो.

हे आत्ता लिहिण्याचे कारण व्यवहाराचे आहे. हैदराबादची ६९ किलोमीटरची मेट्रो एल अँड टी कंपनीकडून राज्य सरकारने घ्यायची, असे सप्टेंबर २०२५ मध्ये तत्त्वतः ठरले. सुमारे तेरा हजार कोटींचे कर्ज सरकारने अंगावर घ्यायचे आणि भागभांडवलापोटी सुमारे दोन हजार कोटी द्यायचे, हे आकडे पेपरांत ठळक छापून आले. रुळांची झीज, चाकांची तासणी, पॉइंट आणि सिग्नलचे बिघाड, राहून गेलेल्या तपासण्या यांवर चर्चा जवळजवळ नाही. जुनी गाडी विकत घेणारा साधा माणूसही आधी बॉनेट उघडून बघतो.

सरकारने दर महिन्याला चार आकडे प्रत्येक स्थानकावर लावावेत: पाच मिनिटांपलीकडचे खोळंबे, प्रवाशांचे वाया गेलेले तास, लिफ्ट आणि सरकते जिने बंद असलेले तास, मुदत उलटून गेलेली देखभालीची कामे. चौथा आकडा कंपनीच्या आणि सरकारच्या माणसांनी नव्हे, तर बाहेरच्या तपासनीसाने प्रत्यक्ष पाहून भरावा. आणि हस्तांतराच्या वेळची देखभालीची नोंदवही लोकांसमोर ठेवावी, कारण ते कर्ज आता लोकांच्याच नावावर चढणार आहे.