शेताचा डेमो

पुण्याच्या आसपास आता शेत बघायलाही तिकीट लागतं. मुळशीकडच्या एका सेंद्रिय शेतावर आम्ही माणशी सातशे रुपये भरून गेलो. आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि मी. त्यात पिठलं-भाकरी, बैलगाडीची फेरी आणि पालकाची एक जुडी स्वतःच्या हाताने काढून न्यायची मुभा. शेताचं नाव सांगत नाही, कारण माझं भांडण त्या शेताशी नाहीच. शेत चांगलं होतं. माती मुठीत घेतली तर भुसभुशीत लागत होती, जीवामृताचे ड्रम खरोखर वापरातले होते, शोभेचे नव्हते. माझं भांडण आहे ते येताना गाडीत निघालेल्या एका वाक्याशी. वहिनी म्हणाली, "बघा, जमतं की! मग बाकीचे शेतकरी विष का मारतात?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा गप्प बसले. त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या काकांची, लातूरकडे साडेतीन एकर जमीन आहे आणि काका फवारणी करतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे डेमो म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. डेमो खोटा नसतो. फक्त तो चालावा म्हणून मागे जे काही उभं केलेलं असतं, ते क्लायंटला दाखवायचं नसतं. त्या शेताचं मागचं गणित तिथे उभ्याउभ्या करता येण्यासारखं होतं. रविवारी साधारण साठ माणसं, गुणिले सातशे, म्हणजे ४२,००० रुपये. तिथल्या दुकानात टोमॅटो १२० रुपये किलो होता. तेवढेच पैसे टोमॅटोतून काढायचे तर ३५० किलो विकावा लागेल. अख्ख्या दुकानात दोन क्रेट होते. मालकांना विचारलं तर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. भाजीवर हे चालत नाही, माणसं येतात म्हणून चालतं, असं सरळ सांगितलं. म्हणजे आम्ही बघून आलो ते 'सेंद्रिय शेती परवडते' याचं उदाहरण नव्हतंच. पर्यटन परवडतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. लातूरला रविवारी साठ माणसं सोयाबीन बघायला येणार आहेत का?

पॉलीहाऊसच्या मागे चार बायका मेथीचे वाफे खुरपत होत्या. पुतणीने विचारलं, "त्या काय शोधतायत?" तण शोधत होत्या. तणनाशक मारायचं नाही म्हटलं की खुरपणी वाढते, आणि खुरपणी बहुतेक ठिकाणी बायांच्याच वाट्याला येते. रोज किती मिळतो विचारलं तर म्हणाल्या, साडेतीनशे. आमच्या एका तिकिटाच्या बरोबर निम्मा. प्रवेशद्वारावरच्या पाटीवर 'तुमच्या कुटुंबासाठी विषमुक्त अन्न' असं लिहिलं होतं. कुटुंब कुणाचं, तर खाणाऱ्याचं.

आणि विष खरंच आहे, याबद्दल वाद नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कोथरूडमध्ये कोशिंबीर खाणाऱ्याच्या कितीतरी आधी ते विष पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगात जातं. सेंद्रिय शेतीच्या बाजूने यापेक्षा मोठं कारण मला दिसत नाही. पण त्या दिवशीच्या टूरमध्ये हे कारण एकदाही आलं नाही. आलं ते इम्युनिटी, गट हेल्थ आणि 'आजीच्या काळची चव'.

आजीच्या काळाबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या आजीच्या काळात १९७२ चा दुष्काळ होता. ती खडी फोडायला जायची, तिथे मिळणारी सुकडी पोरांना द्यायची आणि परदेशातून आलेली लाल मिलो दळून भाकरी थापायची. त्या वेळी आमचं शेत पूर्ण सेंद्रिय होतं. हायब्रीड आणि युरिया आला तेव्हा घरातल्या कुणाला आपण निसर्गाशी गद्दारी करतोय असं वाटलं नाही. पोटभर जेवायला मिळालं, असं वाटलं.

घरी आल्यावर मी काकांना फोन केला आणि सेंद्रियचं विचारलं. ते हसले. "समदं खरंय बाबा. पन तीन वर्सं माझा माल कोन घेनार? तू?"

हा प्रश्न त्यांनी हवेत मारलेला नव्हता. केंद्राच्या प्रमाणीकरणाच्या नियमांत रूपांतरणाचा काळ असतो. हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान दोन वर्षं, फळबागेसाठी पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी तीन. या काळात रसायन बंद, उत्पन्न बहुधा घटलेलं, खुरपणीचा खर्च वाढलेला आणि माल मात्र मोंढ्यात साध्या भावानेच जाणार, कारण शिक्का अजून मिळालेला नाही. आमच्या कंपनीत प्रोजेक्ट नसला की माणूस बेंचवर बसतो आणि पगार चालू राहतो. काकांनी बेंचवर बसायचं ते स्वतःच्या खिशातून.

बरं, उधारीचं काय? गावातलं कृषी सेवा केंद्र खत आणि औषध सुगीपर्यंत उधार देतं. शेणखत कुणी उधार देत नाही. बैल विकून ट्रॅक्टर भाड्याने आणायला लागल्यापासून घरचं शेण नाही, आणि विकतची ट्रॉली चार हजारांच्या खाली येत नाही. त्यात शेजारचा फवारणार, म्हणून बांधालगतची पट्टी संरक्षक म्हणून सोडायची. मुळशीच्या वीस एकरांना ती पट्टी जाणवत नाही, साडेतीन एकरांना जाणवते.

जमतं की, म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे बघावं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात आणि चहा दोन्ही कोसळले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली. मधला काळ कोण सोसणार, हे ठरवल्याशिवाय घेतलेला निर्णय होता तो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सेंद्रिय हवं असणाऱ्याने शिक्का लागलेला माल महागात घेऊन पाठ थोपटून घेऊ नये. शिक्का लागायच्या आधीचा माल घ्यावा, आणि पैसे पेरणीआधी द्यावेत. पाऊस गेला, अळी पडली, तर तूर कमी मिळेल. ती तोशीस आपणही सोसायची. शंभर रुपयांची जुडी घेण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण यात फोटो नाही आणि परताव्याची खात्रीही नाही. एसआयपीच्या जाहिरातीखालची बाजारातल्या जोखमीची ओळ आपण डोळे झाकून मान्य करतो. तुरीच्या बाबतीत मात्र आपल्याला गॅरंटी हवी असते.

काकांनी अर्धा एकर द्यायचं कबूल केलंय, तूर आणि मूग. एका घराने साडेतीन हजार आगाऊ द्यायचे, म्हणजे पाच तिकिटांचे पैसे. वीस घरं झाली की खुरपणी, शेणखत आणि घटलेल्या उत्पन्नाची थोडी भरपाई निघते. मी हिशोबाची शीट करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. पहिल्या तासात तीन प्रश्न आले: सर्टिफिकेट आहे का, होम डिलिव्हरी आहे का, आणि मुलांना घेऊन बघायला जाता येईल का. आमच्या सोसायटीत २१४ फ्लॅट आहेत. आत्तापर्यंत सात घरांनी पैसे भरलेत, त्यात एक वहिनीचं. पेरणी जूनमध्ये आहे.