मांडी आणि बालासन

अहिल्यानगराहून शिर्डीस, किंवा करंजीच्या घाटानें पाथर्डीस निघालेल्या गाडींत तान्हें मूल आजीच्या मांडीवरच असावयाचें, असा आपल्या घरांतून रिवाज पडला आहे. त्यामागील माया आम्ही जाणतों. परंतु गणित मायेस जुमानीत नाहीं. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून एका हाताच्या अंतरांत थांबली, तर १० किलोंच्या बाळास धरून ठेवण्यास २०० किलो वजन पेलण्याइतकें बळ लागतें. तें कोणाच्याच बाहूंत नाहीं. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानें १४ वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालासन नसल्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. पण खरा दंड याहून फार मोठा.

बालासन म्हणजे दुकानांत जिला चाइल्ड सीट म्हणतात ती. "आमच्या जुन्या गाडींत आयसोफिक्सचे आंकडे नाहींत," ही सबब आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकिली. ती टिकत नाहीं. त्या पोलादी आंकड्यांचें आंतरराष्ट्रीय मानक १९९९ सालचें. कित्येक बालासनें कंबर व खांदा दोन्ही धरणाऱ्या साध्या पट्ट्यानेंही पक्कीं बसतात. घेण्यापूर्वी तशी नोंद पाहावी आणि आपल्याच गाडींत बसवून पाहावें. जुना पट्टा कधीं कधीं आंखूड पडतो.

बालासन मागील बैठकीवर ठेवावें. दाखविलेल्या खांचांतूनच पट्टा ओवावा, गुडघ्याचा भार देऊन ताणावा आणि चाप असल्यास लावावा. मग पट्ट्यापाशीं धरून हालवावें; इंचाहून अधिक सरकल्यास पुन्हा बसवावें. तान्ह्याचें मस्तक जड व मान कोवळी, म्हणून त्याचें तोंड गाडीच्या मागील बाजूसच असावें. असें आसन एअरबॅगपुढें कदापि ठेवूं नये. गाडीस नुसता कमरेचा पट्टा असेल, तर त्यावर चालणारेंच बालासन घ्यावें. पट्टाच नसेल, तर दोरीनें बांधलेलें बालासन हें बालासन नव्हे. बाळास दुसऱ्या गाडीनें न्यावें.

आपल्या नगरांत संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था मोठमोठीं वाहनें पारखते. एवढी लहान परीक्षा आपणांस अंगणांत घेतां येईल.

संस्कृतांत मिळविणें तो योग आणि मिळविलेल्याचें रक्षण तें क्षेम. गाडी घेतली, योग झाला. क्षेम उरलें आहे. आजीबाईंनीं बाळाशेजारीं बसावें, त्याचें बोट धरावें, गोष्ट सांगावी. मांडीचें काम मात्र प्रवासापुरतें बालासनाकडे द्यावें.