पोट साफ न होणे : न सांगितलेले दुखणे

पालघर-बोईसरच्या औषधांच्या दुकानांत इसबगोल आणि रेचक गोळ्या मागणाऱ्यांत भगिनींची संख्या मोठी असते. अनेकींचे हे औषध वर्षानुवर्षे चालते. रेचकाने मल मऊ होतो. परंतु बाहेर पडण्याची वाटच अडली असेल तर नुसत्या मऊपणाने काम भागत नाही.

बद्धकोष्ठता एकाच प्रकारची नसते. काहींच्या आतड्यांची गती मंद असते. काहींचा मल गुदाशयापर्यंत येतो आणि तेथेच अडतो. फार वेळ कुंथणे, पुन्हा पुन्हा जावे लागणे, योनीच्या मागील भिंतीवर बोटाने दाब दिल्यावरच पोट साफ होणे, ही या दुसऱ्या प्रकाराची चिन्हे. शेवटची गोष्ट तर स्त्री सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. निदानाला मात्र तिचाच मोठा उपयोग होतो.

कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल व्हावयास हवेत. काहींचे ते उलट आवळले जातात. बाळंतपणांनंतर काहींच्या गुदाशय व योनी यांमधील पडदा दुबळा होऊन गुदाशय पुढे फुगतो, त्यास ‘रेक्टोसील’ म्हणतात. दोन्हींचा पहिला अंदाज बोटाने केलेल्या तपासणीत येतो. तिला यंत्र लागत नाही, ती गावातच होऊ शकते. स्त्री-डॉक्टर हवी असे सांगण्यात संकोच कसला? पुढे ५० मिलिलिटर पाण्याचा फुगा बाहेर टाकण्याची चाचणी, स्नायूंच्या दाबाचे मापन, मलविसर्जनाचा एक्स-रे वा एमआरआय. यांसाठी बहुधा मुंबई गाठावी लागते.

स्नायू आवळत असतील तर ‘बायोफीडबॅक’ हा खरा उपचार. पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा दाब पाहत ते सैल सोडण्याचा हा सराव काही बैठकांत शिकवला जातो. लहान फुगवटा त्रास नसलेल्या अनेक स्त्रियांतही आढळतो. म्हणून केवळ तो दिसला एवढ्यावर शस्त्रक्रियेची घाई करू नये.

चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसभराचे पाणी सूर्यास्तापूर्वीच्या घाईवर सोडू नये. इसबगोल दुपारीच पेलाभर पाण्यासह घ्यावे. हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथीस सालीसकट मूग व कोंड्यासह कणीक उपयोगी पडते. नव्या सदनिकांतील कमोडवर बसताना पायांखाली ठेंगणे स्टूल घ्यावे. दीर्घ तपापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

शौचावाटे रक्त, अकारण घटलेले वजन, पंडुरोग किंवा पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय असेल, तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी आधी करावी लागते.