ऊन विकणारा देश

एप्रिल-मे महिन्यात देवणीत सकाळी दहानंतर रस्त्यावर जो माणूस दिसतो, तो नाइलाजाने बाहेर पडलेला असतो. डोक्याला उपरणे, खिशात कांदा, आणि नजर पुढच्या लिंबाच्या सावलीवर. दुपारी जनावरेसुद्धा खुंट्याभोवती सरकत्या सावलीबरोबर सरकत असतात. ऊन ही आमच्याकडे सोसायची गोष्ट आहे. ते कोणी पैसे मोजून विकत घेईल, ही कल्पनाच आम्हाला हास्यास्पद वाटते.

म्हणून निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून मी आणि सौ. स्पेनच्या सहलीला निघालो, तेव्हा शेजारच्या तात्यांनी विचारले, "गुरुजी, तिकडं माणसं उन्हात लोळायला पैसे देत्यात म्हण. मग हिकडंच या म्हणावं की! फुकट घ्या म्हणावं, पायजेल तेवढं." तात्यांच्या दावणीला अजून देवणी जातीचे बैल आहेत आणि त्यांचे बोलणे नेहमी हिशेबाचे असते. या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ऊन आमच्याकडे त्यांच्याहून कमी नाही. मग एका देशाने उन्हावर संसार उभा केला आणि आमचा संसार त्याच उन्हाने करपला, असे का व्हावे?

स्पेनचे हे दुकान फार जुने नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर उत्तर युरोपातल्या कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून राबणाऱ्या माणसाला पगारी सुट्टी मिळू लागली. त्याच्या देशात वर्षातले कित्येक महिने आभाळ राखेच्या रंगाचे. १९५० साली व्लादिमिर राइट्झ या गृहस्थाने लंडनहून विमानाने कॉर्सिका बेटावर तंबूत राहण्याची सहल नेली. प्रवास, मुक्काम, जेवण सगळे एकाच रकमेत. आज आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या जे विकतात, त्याचे हे एक आद्य रूप. पाठोपाठ स्पेनचा पूर्व आणि दक्षिण किनारा या धंद्यात उतरला. बेनिदोर्म हे तिथले मासेमारीचे एक लहानसे गाव. १९५६ साली त्याने आपला नगररचना आराखडा केला आणि पुढे समुद्राकाठी अशा उंच इमारती उभ्या केल्या, की बसच्या खिडकीतून पाहताना मला मुंबईचा नरिमन पॉइंट आठवला. २०२४ साली स्पेनमध्ये सुमारे ९ कोटी ३८ लाख परदेशी पाहुणे आले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आतच. घरच्या माणसांपेक्षा पाहुणे दुप्पट!

आपण मराठी माणसे या गर्दीत उशिरा मिसळलो. पूर्वीचे युरोप म्हणजे लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडचा बर्फ. २०११ मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' हा हिंदी चित्रपट आला, त्यातली बुन्योलची टोमॅटोंची लढाई मुलांनी पाहिली, आणि मग स्पेनही यादीत चढला. (टोमॅटोला भाव नाही म्हणून तो रस्त्यावर ओतणारा आपला शेतकरी ही लढाई पाहून काय म्हणेल, हा भाग वेगळा.) आम्ही समुद्रावर कसे वागतो, हेही पाहण्यासारखे असते. गोरी मंडळी अंगाला तेल लावून उन्हात पालथी पडलेली. आणि आमचा गट छत्रीखाली, बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, घरून नेलेला चिवडा खात. सौ. म्हणाल्या, "अहो, यांना कुणीतरी सावलीत घ्या हो!"

पण किनाऱ्यावरून आत, आंदालुसिया प्रांतात गेल्यावर मला परके वाटेना. कोर्दोबा, सेव्हिया, ग्रानादा ही गावे उन्हाला ओळखून बांधलेली आहेत. जाड भिंती, लहान खिडक्या, अरुंद बोळ, आणि घराच्या मध्यभागी उघडा चौक. आमच्याकडच्या माळवदाच्या वाड्यात असतो तसाच, फक्त त्यात कारंजे आणि कुंड्या अधिक. सेव्हियात उन्हाळ्यात गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापड ताणून सावली करतात; लग्नाच्या मांडवाखालून चालल्यासारखे वाटते. दुपारी बरीच दुकाने बंद, माणसे घरात. त्यांची ती 'सिएस्ता', आपली वामकुक्षी. कोर्दोबा प्रांतातल्या ला रांब्ला गावी २०२१ च्या ऑगस्टात पारा ४७.६ अंशांवर गेला होता. म्हणजे स्थानिक माणूस तात्यांइतकाच उन्हाला भितो. ऊन विकायचे ते पाहुण्याला. स्वतःसाठी त्याने सावली राखून ठेवली आहे.

आणि सावलीपेक्षाही अधिक सांभाळलेली वस्तू म्हणजे पाणी. आकड्यांनी मी चक्रावलो तो इथे. लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. वॅलेन्सियात त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. आग्नेय कोपऱ्यातल्या आल्मेरियात तर सुमारे दोनशे. आमचा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, आमची काळी जमीन निराळी, आमची माणसे अधिक, हे सगळे मान्य. तरीही आमच्याहून कमी पावसाच्या मुलखात कोट्यवधी पाहुण्यांना आंघोळ घालून वर संत्र्यांच्या बागा पिकतात, हे मराठवाड्याच्या माणसाला सहज पचत नाही.

तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र मुळीच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ते आपण विसरलेलो नाही. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ दिसत होता आणि शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. साऱ्या देशाने तेव्हा आमची कीव केली. पण त्याआधी आठ वर्षे, २००८ च्या मे महिन्यात, बार्सिलोनासारख्या श्रीमंत शहराने पिण्याचे पाणी जहाजाने आणले होते. पहिल्या जहाजात सुमारे दोन कोटी लिटर. मग पाऊस झाला, जहाजे थांबली. पुढच्याच वर्षी शहराजवळ समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला वीस कोटी लिटर क्षमतेचा कारखाना सुरू झाला. तोही पुरा पडला नाही. २०२४ च्या १ फेब्रुवारीला कातालोनियाच्या सरकारने बार्सिलोना आणि परिसरात दुष्काळी आणीबाणी जाहीर केली. धरणांत १६ टक्क्यांहून कमी साठा उरला होता. माणशी दिवसाला दोनशे लिटरची मर्यादा आली, पोहण्याचे तलाव भरण्यावर निर्बंध आले. दोनशे लिटर ही तिथली टंचाई. आमच्या वाडी-तांड्यावर टँकरभोवती घागरी घेऊन उभ्या असणाऱ्या आयाबायांना हा आकडा सांगायचा धीर मला झाला नाही.

मला खरे सांगायचे आहे ते बेनिदोर्मविषयी. उंच इमारतींची थट्टा करून पुढे जाणे सोपे आहे. मीही आधी तेच केले. या गावावर १९७८ मध्ये जहाजाने पाणी आणण्याची पाळी आली होती. त्याच सुमारास बेनिदोर्म, आसपासची गावे आणि शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था यांनी एकत्र येऊन एक व्यवहार ठरवला. गावांचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायचे. त्याच्या बदल्यात शेतकऱ्यांनी आपल्या हक्काचे धरणाचे गोडे पाणी गावांना आणि हॉटेलांना द्यायचे. शेतकऱ्यांना मोबदलाही मिळतो. पाहुण्याने आंघोळ केलेले पाणी संत्र्याच्या झाडाला जाते आणि संत्र्याच्या वाट्याचे पाणी पाहुण्याच्या नळाला येते. दुष्काळात कोणी कोणाला किती द्यायचे, हे आधीच ठरलेले असते.

आपल्याकडे काय होते? धरण आटू लागले की साठा पिण्यासाठी राखीव केल्याचा आदेश निघतो. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. ज्या शेतकऱ्याचे आवर्तन बंद झाले, त्याला बदल्यात काहीच मिळत नाही. आणि शहरात वापरून झालेले पाणी बहुतेक तालुक्याच्या गावांत गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, आणि पुन्हा खालच्या गावाच्या विहिरीत झिरपते. आणीबाणीत रेल्वे आणण्याइतकी धडाडी आपण दाखवतो. ती वेळ येऊ नये म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी गाव आणि शहर समोरासमोर बसून करार करत नाही. त्या रेल्वेचे कौतुक मी त्या वेळी केले होते आणि आजही करतो. पण तिची छायाचित्रे आपण यशाची म्हणून मिरवतो, हे मला पटत नाही. भर उन्हात ऊस उभा ठेवणाऱ्या जिल्ह्याला पिण्याचे पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून यावे, यात मिरवण्यासारखे काही नाही.

स्पेनला हे शहाणपण हॉटेलांनी शिकवले नाही. ते फार जुने आहे आणि त्याचा एक धागा चक्क आमच्या अंगणाजवळून जातो. आठव्या शतकापासून जवळजवळ आठशे वर्षे स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुसलमानी राज्ये होती. त्यांनी रहाट, पाट, भूमिगत कालवे यांची विद्या तिथे रुजवली. स्पॅनिशमध्ये पाटाला 'असेकिया' म्हणतात, तो अरबी शब्द. तीच विद्या इराणमार्गे दख्खनमध्येही आली. देवणीहून सीमा ओलांडून बिदरला जा. पंधराव्या शतकात बहमनी काळात खोदलेला नौबादचा करेज तिथे आजही पाहायला मिळतो. जमिनीखालून खडक कोरून नेलेला पाण्याचा बोगदा आणि वर ओळीने हवेच्या विहिरी. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, मलिक अंबरची नहर त्याच कुळातली. माद्रिदलाही शतकानुशतके अशाच भुयारांतून पाणी मिळत असे. आम्ही ग्रानादाचा आलांब्रा राजवाडा पाहिला, त्याच्या हौदांची आणि कारंज्यांची छायाचित्रे काढली. आमच्या सहलीतल्या किती जणांनी बिदरचा करेज पाहिला होता? मोजून दोघांनी. त्यातले एक बिदरचेच.

पाहुण्यांचे ओझे किती वाहायचे, यावरूनही तिथे आता खटके उडत आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर मोठे मोर्चे निघाले. जुलैमध्ये बार्सिलोनाच्या मोर्चात हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या गेल्या. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. पण घरमालक फ्लॅट पर्यटकांना देतो, भाडे चढते, आणि शिक्षिका, परिचारिका, दुकानातला नोकर यांना आपल्याच शहरात राहणे परवडत नाही. २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने देण्याचे दहा हजारांहून अधिक फ्लॅटचे परवाने बंद करण्याचे बार्सिलोनाच्या महापौरांनी जाहीर केले आहे. हे वाचताना मला आपली कोकणातली आणि गोव्यातली सुट्टी आठवते. तीन-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात मे महिन्यात कितीतरी वाड्यांना टँकर लागतो, आणि त्याच महिन्यात आपण तिथे जाऊन रिसॉर्टच्या तरणतलावात मुले सोडतो. शंभर पावलांवर समुद्र असताना तलाव कशाला हवा, हे मला अजून कळलेले नाही. खोली ठरवताना 'स्विमिंग पूल आहे का' असे विचारणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला तरी या प्रश्नाची लाज वाटायला हवी.

वॅलेन्सियात मी मुद्दाम गुरुवारचा दिवस साधला. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचे न्यायालय भरते. हजार वर्षांची परंपरा आहे असे मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आठ पाटांचे आठ पंच, सगळे शेतकरी, त्यांना शेतकऱ्यांनीच निवडलेले. कोणी पाळी मोडून पाणी घेतले, कोणी शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडले, अशा तक्रारी. वकील नाही, कागद नाही, वरच्या कोर्टात अपील नाही. आपल्याकडे धुळ्याकडच्या पांझरेवर फड पद्धतीत पाटकरी आणि पंच मिळून पाळ्या ठरवत, त्याच जातीची ही गोष्ट. २००५ मध्ये आपण पाणीवापर संस्थांचा कायदा केला. नाशिककडच्या वाघाडसारख्या ठिकाणी त्या चांगल्या चालल्या, बाकी ठिकाणी बहुतेक फलकापुरत्या.

बारा वाजले. काळे अंगरखे घातलेले पंच अर्धवर्तुळात खुर्च्यांवर बसले. चोपदाराने एकेका पाटाचे नाव घेऊन पुकारा केला: क्वार्टवर कोणाची तक्रार? मिस्लातावर? तोर्मोसवर? प्रत्येक नावानंतर तो थांबे. कोणी पुढे आले नाही. आठ नावे संपली, पंच उठले आणि निघून गेले. सगळे मिळून पाच मिनिटे झाली असतील. आमच्या सहलीतले एक गृहस्थ म्हणाले, "हात्तिच्या, एवढेच? खटला नाहीच का?" वाटाड्या बसकडे चला म्हणून हाका मारत होता. मी मात्र त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. आठ पाट, हजारो शेतकरी, आणि त्या आठवड्यात पाण्यावरून एकाचेही भांडण नव्हते.