तुमचं मीटर, आमचे किलोमीटर

प्रति,
प्रमुख, ग्राहकसेवा विभाग
(कंपनीचं नाव इथे घालत नाही. माझी गाडी ज्यांनी बनवली, त्यांना पत्र ओळखता येईल.)

महोदय,

चौदा महिन्यांत मी तुमच्याकडे चार तक्रारी नोंदवल्या. चारही वेळा मोबाईलवर संदेश आला : आपली तक्रार सोडवली आहे. मीटर होतं तसंच आहे, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो.

धुळे-जळगाव मार्गावर मी भाड्याची गाडी चालवतो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी आणि बांभोरीचा गिरणा पूल, हा माझा रोजचा रस्ता. पावसाळ्यात यावल-रावेरकडे केळीच्या बागांपर्यंत भाडी लागतात. तिथल्या काळ्या मातीत गाडीचं पोट जमिनीला टेकतं. टायर बदलायची वेळ आली तेव्हा 215/75 आर 15 हे जुनं माप धुळ्यात नव्हतं, जळगावातही मिळालं नाही. मी 235/75 आर 15 चे चार टायर बसवले. हे माप माझ्या मनाने काढलेलं नाही. तुमच्याच माहितीपुस्तकात, माझ्याच गाडीच्या पानावर, दोन्ही मापं एकाखाली एक छापली आहेत. पहिलं खालच्या मॉडेलचं, दुसरं वरच्या मॉडेलचं.

तुमच्या सेवाकेंद्रात मला तीनदा सांगितलं गेलं की टायरने मीटरला फरक पडत नाही. म्हणून हिशेबच मांडतो. जुन्या टायरचा व्यास 703.5 मिलिमीटर, नव्याचा 733.5. परीघ 2,210 वरून 2,304 वर गेला. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 94 मिलिमीटर जास्त पुढे जाते. पूर्वी किलोमीटरला 452 फेरे लागायचे, आता 434 लागतात. मीटरला रस्ता दिसत नाही. सेन्सर फेरे मोजतो आणि मीटर त्यांना कंपनीने आत भरलेल्या परिघाने गुणतं. तो आकडा अजून जुन्या टायरचा आहे. गाडीत वजन भरल्यावर टायर दबतो हे मलाही कळतं, पण जुनाही दबायचाच. फरक सव्वाचार टक्क्यांचाच राहतो.

कागदावर विश्वास नसेल तर रस्त्यावर या. किलोमीटरचे दगड मोजत मी सलग 50 किलोमीटर गाडी चालवली. जुन्या टायरवर मीटरमध्ये 50 भरायचे, आता 48 भरतात.

माझ्या पोटाचा प्रश्न इथे येतो. गिऱ्हाईक मीटर बघून पैसे देतं, किलोमीटरला 14 रुपये. टायर बदलल्यापासून मीटरवर 41,000 किलोमीटर चढले. गाडी प्रत्यक्षात 42,748 चालली. 1,748 किलोमीटरचं डिझेल मी जाळलं, टायर माझे झिजले, पण भाडं शून्य. 24,472 रुपये गेले, महिन्याला साडेसतराशे. जळगावातल्या दवाखान्यातून पेशंट घेऊन पारोळ्याला उतरलेल्या माणसाला मी काय सांगू? मीटर खोटं आहे, सव्वाचार टक्के जास्त द्या? आणि उद्या कोणी मूळ मापापेक्षा लहान टायर बसवले तर मीटर उलट जास्त दाखवेल आणि गिऱ्हाईक नाडलं जाईल. जळगावच्या सराफ बाजारात सोनं ज्या काट्यावर तोललं जातं, त्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. माझी कमाई ज्या मीटरवर तोलली जाते, ते चुकतंय हे माहीत असून तुम्ही हात लावत नाही.

पैशाचं एक वेळ सोसलं असतं. वेगाचं काय? केंद्रीय मोटार वाहन नियम 117 प्रमाणे वेगमापक भारतीय मानक 11827 ला धरून असावा लागतो. संयुक्त राष्ट्रांचा याच विषयावरचा 39 क्रमांकाचा नियम तर स्पष्ट सांगतो : वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. थोडा जास्त दाखवला तर चालतो. तुमच्या मीटरमध्ये ती मोकळीक होती. पूर्वी मीटरवर 83 दिसलं की खरा वेग 80 असायचा. आता 83 दिसतं तेव्हा मोबाईलचा जीपीएस 83.4 दाखवतो. मोकळीक संपली आणि मीटर कमी दाखवू लागलं. नियम 118 खाली माझ्या पिवळ्या पाटीच्या गाडीला ताशी 80 चा वेगनियंत्रक आहे. तोही त्याच सेन्सरवर चालतो, म्हणून तोही 83.4 ला अडवतो. मागे सहा माणसं बसलेली असतात. दंड झाला तर माझ्या नावावर, अपघात झाला तर माझ्या माथी.

तुमच्या लोकांनी मला सर्वोच्च न्यायालयाचा 9 जानेवारी 2019 चा निकालही ऐकवला. केरळातल्या त्या प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. निकाल मला मान्य आहे. पण हे माप ठरवून कोणी दिलं? तुम्हीच. तुमच्याच छापील पानावरचं माप बेकायदा असेल तर ते पान आधी मागे घ्या.

काम किती मोठं आहे तेही मी डोळ्यांनी पाहिलं. धुळ्यातल्या एका मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. पडद्यावर यादी उघडली, त्यात टायरच्या मापाची ओळ होती, तिच्याखाली दोन्ही मापं होती. त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं. पडदा लाल झाला आणि कंपनीचा पासवर्ड मागू लागला. तो म्हणाला, "भाऊ, मशीन आमनाकडे शे, पन कुलूप कंपनीनं शे." जुन्या गाड्यांना गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत केबल असायची. वेगळ्या दात्यांचं प्लास्टिकचं चक्र घातलं की काम व्हायचं. आता चक्रही लागत नाही, एक आकडा बदलायचा आहे आणि तेवढ्यासाठी चौदा महिने गेले.

किलोमीटर मागे फिरवणारे लोक बाजारात आहेत, म्हणून कुलूप लावलं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. कुलूप राहू द्या. चढलेला आकडा मागे घ्यायला मी सांगतच नाही. माहितीपुस्तकातल्या दोन मापांपैकी गाडीला जे आहे ते भरण्याची मुभा प्रत्येक अधिकृत सेवाकेंद्राला द्या. त्या दिवशीचं रीडिंग आणि नवं माप जॉब कार्डवर लिहून शिक्का मारा. त्याचे रीतसर पैसे घ्या, मी देतो. आणि टायरचं दुसरं माप जिथे छापता, तिथेच हेही छापा की माप बदललं तर मीटर जुळवून घ्यावं लागतं. ती एक ओळ वाचायला मिळाली असती तर पहिल्याच दिवशी मी गाडी घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो असतो.

माझी स्टेपनी अजून जुन्या मापाची आहे. हवी तर दोन्ही चाकं शेजारी उभी करून मोजा, टेप मी आणतो. आज मीटरवर 1,07,300 किलोमीटर आहेत. गाडी 1,09,048 चालली आहे.

आपला,
धुळ्याचा एक गाडीवाला